पाव इंचाचा स्ट्रोक : आमची वाटचाल

मालवणात आमचं वर्कशॉप 1991 साली सुरू झालं. भाड्याची पत्र्याची शेड, जुना लेथ, एक बोअरिंग बार, चेन पुली आणि आम्ही दोघं. माझ्याकडे डिप्लोमा होता, भागीदाराकडे हात. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, मीही तेच म्हणायचो. क्रँकच्या जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरून, अंगठ्याचं नख फिरवून ते सांगायचे, "दोन थाउ ओव्हल आहे." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मायक्रोमीटर लावला की दोनच निघायचे.

काम मुख्यतः लेलँडच्या इंजिनांचं. ट्रकमधून उतरलेलं इंजिन घ्यायचं, त्याला हीट एक्स्चेंजर, खाऱ्या पाण्याचा पंप, मरीन गिअरबॉक्स जोडायचा आणि ट्रॉलरमध्ये बसवायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेवढ्या दिवसांत वर्षभराची कमाई. पहिली दहा वर्षं नीट गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते 2001 चं.

त्या सुमाराला परराज्यातले मोठे ट्रॉलर आपल्या पाण्यात शिरू लागले होते. आपल्या बोटी त्यांच्यापुढे रांगत होत्या. त्यात संध्याकाळच्या लिलावाला उशिरा पोचणाऱ्याच्या सुरमईला निम्मा दर. जो तो येऊन एकच म्हणे, इंजिन पळव. एका बोटमालकाकडे 400 चं इंजिन होतं. हा आकडा क्यूबिक इंचांचा, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4.22 इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 4.75. मोठं इंजिन घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि मला आपली विद्या दाखवायची होती. मी म्हटलं, स्ट्रोक पाव इंच वाढवू, सरळ 5 इंच करू.

मिस्त्री नको म्हणाले. मी वहीत आकडेमोड करून त्यांना गप्प केलं.

स्ट्रोक पाव इंच वाढवायचा म्हणजे क्रँकपिनचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिच्यावर बसतो त्या पिनेचा, मध्य एक सूत, इंचाचा आठवा भाग, बाहेर सरकवायचा. त्यासाठी पिन वेल्डिंगने भरून नव्याने ग्राइंड कराव्या लागतात. क्रँक घाटावर पाठवला. इकडे पिस्टन एक सूत वर येणार म्हणून आम्ही लेथवर पिस्टनची डोकी छाटली. पहिली रिंग आगीच्या तेवढी जवळ गेली. पंपाचं डिझेल वाढवलं, गव्हर्नर, म्हणजे वेगाची मर्यादा, 2400 आरपीएमवर, मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर नेला. या सगळ्याने सीसी किती वाढली? पाच टक्के. 400 चे 421. एवढ्यासाठी आम्ही फोर्ज केलेल्या क्रँकच्या सहा पिनांवर वेल्डिंगची कांडी चालवली होती.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली आणि खरंच पळाली. धक्क्यावर आमचं नाव झालं. डिसेंबरात एका रात्री, निवतीच्या दिव्याच्या बाहेर, जाळं ओढताना क्रँक तुटला. वारा उत्तरेचा, बोटीत पाच माणसं. दुसऱ्या ट्रॉलरने सात तास ओढून आणली. माणसं सुखरूप होती, ही देवाची कृपा.

इंजिन उघडलं तेव्हा तुटलेला तोंडाचा भाग मिस्त्रींनी डिझेलने धुऊन उन्हात धरला. तीन नंबरच्या पिनेच्या कडेला, जिथे पिन वेबला, म्हणजे क्रँकच्या हाताला, मिळते त्या कोपऱ्यापासून, समुद्रातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा एकामागून एक आत गेलेल्या. तेवढा भाग घासून गुळगुळीत झालेला. उरलेला पाव भाग खडबडीत, फुटलेल्या खडीसाखरेसारखा. म्हणजे तडा त्या रात्रीचा नव्हता. तो तीन महिने रोज थोडा थोडा पुढे सरकत होता, आणि आम्ही धक्क्यावर उभे राहून कौतुक ऐकत होतो.

त्या कोपऱ्यात गोलाई हवी. आम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, किती त्रिज्या ठेवायची ते. आलेल्या क्रँकचा कोपरा जवळजवळ काटकोनात होता. शिवाय वेल्डिंगनंतर नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया, करून द्यायचं ठरलं होतं, पैसेही घेतले होते. कानस लावली तर ती पिनेवर सहज चालली. नायट्राइड केलेल्या पृष्ठभागावर कानस घसरते. ग्राइंडिंगवाल्याने सरळ हात वर केले, "क्रँक आमच्याकडून असा गेलाच नाही." एक रुपया परत दिला नाही. वीस वर्षांहून जास्त काळ झाला, हे मी विसरलेलो नाही. माझी चूक मात्र माझीच. माझ्या खणात रेडियस गेज, म्हणजे ही गोलाई मोजायची पट्टी, होता. ऑगस्टची घाई होती, मी तो बाहेर काढला नाही.

नुकसानभरपाईसाठी लेथ विकला. तो मिस्त्रींच्या मालकीचा होता. ते काही बोलले नाहीत, आठ महिने बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेले आणि रविवारी शेडमध्ये येत राहिले. आमच्याच धंद्यातल्या एकाने तेवढ्या काळात लिलावाच्या जागी उभं राहून आम्हाला नाव ठेवलं, 'वेल्डिंगवाले'. ज्याच्या इंजिनात साधं ऑइलही आम्ही बदललं नव्हतं तो माणूससुद्धा मला तसं म्हणू लागला. पुढच्या जूनला शेडमध्ये एक इंजिन नव्हतं.

मग सर्जेकोटचे नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, आले. पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. तुटलेला क्रँक त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "झिला, तुझी चूक खय झाली ता सांग. ती तुका कळली आसात तर माझा इंजिन तूच बांधतलंस." मी अर्धा तास बोललो. ते पेटीवर बसून ऐकत होते. उठताना म्हणाले, "माका नुसता पळणारा नको. परत हाडणारा होया." म्हणजे परत आणणारं हवं.

त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा उलट दिशेने हिशेब मांडला. इंजिनापासून सुरुवात न करता पंख्यापासून, म्हणजे बोटीच्या प्रोपेलरपासून केली. बोटीला किती वेग हवा, त्यासाठी पंख्याला किती ताकद लागते, ती ताकद दिवसभर कुठल्या आरपीएमवर द्यायची. पंख्याचा नियम असा की आरपीएम दहा टक्के वाढवायचे तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. ट्रकला उतार मिळतो, इंजिन श्वास घेतं. समुद्राला उतार नाही. ट्रकमध्ये 2400 वर चालणारं इंजिन बोटीतही 2400 वर चालेल असं जो सांगतो, त्याने बोट चालवलेली नाही.

आजही तरुण पोरं विचारतात, स्ट्रोक लांब म्हणजे ओढ जास्त ना? बाबांनो, क्रँकचा हात लांब होतो हे खरं, पण तेवढ्याच सीसीला मग बोअर लहान करावा लागतो आणि पिस्टनवरचा जोर तेवढाच घटतो. हिशेब बरोबरीत सुटतो. ओढ येते ती सीसीतून आणि सिलिंडरमधल्या सरासरी दाबातून. सरासरी दाब 8 बार धरला तर साडेसहा लिटरला साधारण 415 न्यूटन-मीटर मिळतात, 2000 आरपीएमवर 117 हॉर्सपॉवर. तोच दाब, म्हणजे धातूवर ताण तोच, पण इंजिन 680 चं, 11.1 लिटरचं घ्या. 700 न्यूटन-मीटर मिळतात आणि 1800 वरच 178 हॉर्सपॉवर.

स्ट्रोक बघायचा तो पिस्टनच्या वेगासाठी. स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले साठ. आमचा तुटलेला पाच इंची क्रँक 2400 वर सेकंदाला 10.2 मीटरने पिस्टन पळवत होता. 680 चा स्ट्रोक त्याहून लांब, 5.75 इंच, पण 1800 वर वेग 8.8 मीटरच. रिंग, लायनर, बेअरिंग सगळ्यांचं आयुष्य या आकड्यात आहे. दिवसभर चालणाऱ्या बोटीला मी 9 च्या वर जाऊ देत नाही. आणि सीसी वाढवायचीच असेल तर बोअरकडे बघा. लेलँडने 370 चं 400 केलं तेव्हा स्ट्रोक 4.75 च ठेवला होता, बोअर वाढवला. अर्थात त्यालाही हद्द आहे. दोन सिलिंडरांमधली भिंत बारीक झाली की हेड गॅस्केट तिथेच जातं.

आणखी एक. बोट पाणी कापत जाणारी असेल, पाण्यावर चढणारी नसेल, तर 45 फूट पाणरेषेला 9 नॉटच्या पुढे कितीही हॉर्सपॉवर ओता, मागे लाट मोठी होईल आणि डिझेल जळेल. इंजिन विकणारा हे सांगत नाही. हॉर्सपॉवरचा आकडा ऐकला की विचारा, किती आरपीएमवर, आणि तासभर की दिवसभर?

नाखवांचं 680 जुलै 2002 मध्ये बसलं. इंजिनाखालच्या बैठका नव्याने केल्या, गिअर बदलला, पंखा मोठा घेतला. क्रँक स्टँडर्ड, एक थाउसुद्धा ग्राइंड न केलेला. मिस्त्री कारखान्यातून रजा घेऊन आले आणि सहाही पिनांच्या कोपऱ्यांत त्यांनी स्वतः रेडियस गेज फिरवला. पहिल्या आठवड्यात बोट लिलावाला दुसरी पोचली. त्या मोसमात पाच गिऱ्हाइकं परत आली, पुढच्या मोसमात नऊ. लेथ 2004 ला घेतला, मिस्त्रींच्या नावाने पावती केली.

मधल्या काळात शेड आमची झाली, कॅलिब्रेशनचं बेंच आलं. मिस्त्री गेले त्याला सहा वर्षं झाली. गेज त्यांच्याच डब्यात असतो.

गेल्या जूनला नाखवांचा मुलगा बोट घेऊन आला. कॉमन रेलचं परदेशी इंजिन घालायचं त्याच्या मनात होतं, 400 हॉर्सपॉवरचं. मी म्हटलं, आधी हे उघडू. हेड काढलं, डायल गेज लायनरमध्ये सोडला. पहिली रिंग फिरते तिथे झीज चार थाउ. नाखवा आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण त्याच पेटीवर बसले होते. मुलाने गेजचा काटा दोनदा बघितला, मग मला विचारलं, नव्या रिंग कधी येतील.