दोन पन्नास

आज सकाळी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर मी जरा जास्तच ओरडलो. माझ्याकडे धावायला शिकणारी पोट्टी 800 मीटर 2 मिनिटं 41 सेकंदांत धावते, पाय हरणासारखे आहेत आणि तरी शेवटच्या शंभर मीटरला आरामात! 'काहून बे, जोर संपला का?' तर म्हणे, 'सर, पोलीस भरतीत 2:50 ला पूर्ण 20 मार्क भेटतात. त्याहून जोरात धावून काय करू?'

काय बोलणार यावर.

माझ्या डोक्यात गेले सहा महिने 2:20 आहे, राज्य स्पर्धा आहे. (खरं सांगतो, मी स्वतः जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही, ते उट्टं तिच्या पायांनी काढायचं होतं.) तिच्या डोक्यात वर्दी आणि घराचं भाडं. तिला मेहनत नको असंही नाही. पाच वाजता माझ्या आधी मैदानावर असते.

मग टपरीवर तर्री-पोहे खाता खाता तिलाच विचारलं, तुझं अडतं कुठं? गोळाफेकीत म्हणे. 15 मार्क, चार किलोचा गोळा, आणि आम्ही त्याला हातही लावलेला नाही! 100 मीटरचे 15 वेगळेच.

ठरलं असं: आठवड्यातले तीन दिवस तिचे, गोळा आणि स्प्रिंट. दोन दिवस माझे. जिल्हा स्पर्धेत एकदा धावेल, 'पण सर, लेखीच्या तारखेला आली तं नाही हं.'

उद्या गोळा आणायचाय. कोणाकडे जुना पडलाय का?