राणीछाप, पण मागे फारसी

दिवाळी होऊन आठवडा झाला की फोर्टमधल्या आमच्या दुकानात ठरावीक गिऱ्हाईक येतं. लक्ष्मीपूजनाला काढलेली जुनी नाणी पुन्हा कपाटात टाकण्याआधी "बघू तरी काय येतंय" म्हणणारं. त्या दुपारी गिरगावच्या एक आजी आल्या, सोबत विशीतला नातू. आजी रुमालाची गाठ सावकाश सोडत होत्या, नातवाने मात्र मोबाइल आधीच उघडून धरला होता.

"ताई, एरर कॉइन आहे. छाप्याला व्हिक्टोरिया, काट्याला अरबी. टाकसाळीत दुसऱ्या देशाची चकती चुकून आत गेली असणार. लाखाच्या खाली नाही द्यायचं."

नाणं हातात घेतलं आणि माझं लक्ष आधी त्याच्या चकाकीकडे गेलं. नको इतकं चकाकत होतं. ते मी तूर्त मनातच ठेवलं.

"चकती म्हणजे कोरा गोल तुकडा," मी म्हटलं. "पत्रा लाटायचा, त्यातून गोल कापायचे, भट्टीत तापवून मऊ करायचे, धुवायचे, कड उचलायची. तोवर त्याला ना देश असतो ना राजा. अक्षरं येतात ती ठशाने. चकती चुकली तर चित्र तेच राहतं. बदलतं वजन, धातू, नाहीतर कडेची अक्षरं अर्धी कापली जातात. इथे अक्षरंच वेगळी आहेत."

काट्यावर ठेवलं: ११.५४ ग्रॅम. राणीछाप रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, शे-सव्वाशे वर्षांच्या हाताळणीत एवढी झीज व्हायचीच. मी गल्ल्यातून साधा राणीछाप काढून शेजारी ठेवला. कडेला कड जुळली. नातू खाली वाकून बघायला लागला.

"म्हणजे चकती आपलीच!"

चकती तीच, आणि चुकून नव्हे. मागचं फारसी मला अजूनही अक्षर लावत वाचावं लागतं, पण 'मंगलसिंह' आणि 'राज अलवर' लगेच लागलं. अलवर म्हणजे राजस्थानातलं संस्थान, मंगलसिंह तिथला राजा. १८७६ मध्ये इंग्रज सरकारने कायदा केला की संस्थानिकांना सरकारी टाकसाळीत आपली नाणी पाडून घेता येतील; अट एवढीच की वजन आणि कस, म्हणजे चांदीची शुद्धता, सरकारी रुपयाचाच हवा, आणि स्वतःची टाकसाळ बंद ठेवायची. अलवरने ते पत्करलं. कलकत्त्यात रुपये पडले, पुढे राणी, मागे राजाचं नाव. मग ब्रिटिश मुलखातही ते चालले. राजाने टाकसाळ देऊन नाव राखलं, असं मला ते नाणं बघताना दर वेळी वाटतं.

"मग टाकसाळी उरलेल्या चकत्या अशाच दुसऱ्या देशाला वापरत असतील?" पोरगा हुशार होता.

मी दाराबाहेर बोट दाखवलं. रिझर्व्ह बँकेसमोरच्या आपल्या टाकसाळीतून चीनच्या व्यापारासाठी ब्रिटिश ट्रेड डॉलर पडायचे, त्यांच्यावरच्या त्रिशूळावर बॉम्बेचा बारीक 'बी'. पण ते २६.९५ ग्रॅमचे आणि चांदीचा कसही वेगळा. रुपयाच्या चकतीतून तो डॉलर निघणं शक्यच नाही. १९४२-४३ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाचे पेनीसुद्धा पडले, तेही त्यांच्या मापाने. उलट जर्मन पूर्व आफ्रिकेचा रुपया आपल्याच वजनाचा आणि कसाचा. माप जुळलं तर चकती चालते, नाही जुळलं तर ती वितळवायला जाते. आपणही १९९० च्या दशकाअखेरीस मॉस्को, प्रिटोरिया, स्लोव्हाकियातलं क्रेम्निका इथून नाणी पाडून आणली आहेत. नातवाने लगेच खिशातली चिल्लर काउंटरवर ओतली आणि सालाखालच्या टाकसाळींच्या खुणा शोधायला लागला.

"किंमत?" आजींनी विचारलं.

आता ते चकाकीचं बोलावं लागलं. भिंगाखाली राणीच्या गालावर बारीक, समांतर ओरखडे होते. "हे कशाने घासलंत?"

आजींनी नातवाकडे पाहिलं. नातू चिल्लर गोळा करण्यात फारच गढून गेला.

"टूथपेस्ट," तो शेवटी म्हणाला. "फोटो चांगला यावा म्हणून."

जुना काळपट थर राहिला असता तर चांगले पैसे आले असते. आता निम्म्याने धरावे लागतील, असं मी स्पष्ट सांगितलं. लाखाचा विषय तसाही नव्हताच.

आजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांनी नाणं उलटंपालटं केलं, मागच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे चाळीस वर्षं मी या अलवरच्या राजाला हळदकुंकू वाहत्येय?"

"पुढे राणीही आहे, आजी."

"तिला नाही वाहिलं. तिला मी नेहमी पालथी घालायची," म्हणाल्या आणि रुमालाची गाठ पुन्हा मारली.