पाणी सुटलेली कोशिंबीर

शनिवार, ऑगस्ट. एडिसन, न्यू जर्सी.

सकाळी शेतकऱ्यांच्या बाजारातून टोमॅटो आणले. हिवाळ्यात फ्लोरिडाहून येणारे टोमॅटो बरेचदा हिरवेच तोडून मग इथिलीन वायूने लाल केलेले असतात. दिसायला देखणे, चवीला पुठ्ठा. ऑगस्टमधला जर्सीचा टोमॅटो मात्र हातात घेतला की जड लागतो आणि देठापाशी त्याला वास असतो. आजचे रामापो जातीचे होते. रटगर्स विद्यापीठाने १९६८ साली आणलेलं हे वाण. साल पातळ, आत रस मायंदाळ. फ्रीजमध्ये मुळीच ठेवले नाहीत, गारठ्यात त्यांचा वास मरतो.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सध्या सांगलीहून आल्या आहेत. मी चिरायला घेतले तशी त्या म्हणाल्या, "मीठ आत्ता नको गं घालू, पाणी सुटेल." खरंच आहे, आपल्याकडे कोशिंबिरीला मीठ अगदी पानं वाढताना. पण मला नेमकं ते पाणीच हवं होतं. टोमॅटोच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत भागात ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे चवीचा खरा ऐवज तिथेच. काही पाककृतींत बिया काढून टाकायला सांगतात, ते वाचून माझा जीव तुटतो.

तेव्हा जाड फोडी, वर मीठ, आणि वीस मिनिटं झाकून. वाडग्यात तळाशी गुलाबी पाणी जमलं. आईंनी डोकावून पाहिलं. "ह्याला कोशिंबीर म्हणायचं का रस्सा?"

या पाण्याची सोय इटलीतल्या टस्कनीत शिळ्या पावाने केली. त्यांची पान्झानेला ही कोशिंबीर मुळात कांदा आणि पावावर बेतलेली होती, टोमॅटो त्यात फार उशिरा शिरला. लेबनॉन-सीरियाकडे हेच काम शिळ्या पिटाचे, म्हणजे चपट्या पावाचे, तुकडे करतात, त्याला फत्तूश म्हणतात, वर सुमाक, म्हणजे एका झुडपाच्या आंबट फळांची लालसर पूड. आणि आपल्याकडे? दाण्याचं कूट! कूट चवीसाठी घालतो असं आपण म्हणतो, पण सुटलेलं पाणी धरून ठेवण्याचं कामही तेच करतं. गंमत म्हणजे शेंगदाणा, मिरची आणि टोमॅटो तिघेही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचले आणि आता ते नसतील तर कोशिंबीर सुनी वाटते.

कालची ज्वारीची भाकरी उरली होती. तुकडे करून ओव्हनमध्ये कडक केले. सुमाक पॅटरसनच्या अरबी दुकानातलं होतं. काकडी, कांदा, हिरवी मिरची, मूठभर पुदिना, लिंबू. बेझिल कुंडीत भरपूर आहे पण नाही घातलं, हिंगाच्या फोडणीशी त्याचं जमत नाही. फोडणी शेंगदाण्याच्या तेलात, मोहरी-हिंगाची. ऑलिव्ह तेलाची बाटली काढली होती, ती परत ठेवली. एका वाडग्यात दोन तेलं आली की दोघंही आपलंच म्हणणं रेटतात. चिमूटभर साखरही नेहमीची सवय म्हणून हातात घेतली आणि टाकून दिली. या टोमॅटोंना गरज नव्हती. कूट जाडसर, दोन मोठे चमचे.

भाकरी शेवटी, जेवायला बसताना. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे पिटाचा तुकडा भिजूनही उभा राहतो तशी ती राहत नाही, पाच मिनिटांत लगदा होते. थोडी कुरकुरीत, थोडी भिजलेली अशी खायची असेल तर थांबायचं नाही.

आईंनी सुमाकाची बोटावर चव घेतली. "आमसुलासारखं आंबट आहे की हे. मग आमसूलच का नाही घातलंस?" मला उत्तर सुचलं नाही. आमसूल डब्यात होतं. पण त्या दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या, एवढं मी पाहिलं.

वाडग्यात तरीही पाणी उरलंच. मी ब्रेड बुडवून खाणार होते, तर आईंनी वाडगा उचलला, त्यात ताक घातलं, लसणाची पाकळी आणि मीठ ठेचून टाकलं आणि वर पुन्हा जिऱ्याची फोडणी दिली. संध्याकाळी खिचडीबरोबर ते घेतलं. सुमाकाने ताक जरा जांभळट झालं होतं, ते त्यांना पसंत नव्हतं. उद्या त्या आमसूल घालून सगळं पुन्हा करणार आहेत, आणि मीठ आधीच घालायचं आहे, असं स्वतःहून म्हणाल्या.