वजनकाट्याच्या धंद्यातली आमची वाटचाल

बाबांनी लालबागला गाळा घेतला तेव्हा काम म्हणजे पितळी पारडी, दांडी आणि लोखंडी वजनं. त्यांची कानस अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढे लोडसेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेही शिकलो, ती वर्षं बरी गेली.

मग समोरच्या गाळ्यात दुसरा काटेवाला आला. रेट पाडले ते एकवेळ ठीक, पण पठ्ठ्या गिऱ्हाइकाला काटा सेट करून द्यायला लागला, म्हणजे साडेनऊशे ग्रॅम ठेवा, डिस्प्लेवर किलो दिसणार. पासिंग, म्हणजे काट्याची सरकारी तपासणी, झालं की सील तोडायचं, कॅलिब्रेशन म्हणजे वजनाची जुळणी फिरवायची. लोक माझ्याकडे येऊन तेच मागायचे, मी नाही म्हटलं की रस्ता ओलांडून तिकडे. आठ महिन्यांत सतरा दुकानं गेली, पोराची फी थकली, आणि ज्याला मी सोल्डरिंग हातात धरून शिकवलं तो कारागीरसुद्धा तिकडेच गेला. हे अजून दुखतं.

टिकल्या त्या एकट्या मिरचीवाल्या काकू. रोज सकाळी किलोचं वजन ठेवून काटा बघणार, मगच पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे मिरची घ्यायला येणारे एक दातांचे डॉक्टर रोटरी क्लबात, म्हणजे धंदेवाल्यांच्या समाजसेवेच्या संस्थेत होते, काकूंनीच त्यांना माझं नाव सांगितलं.

रोटरी म्हणजे हारतुरे आणि जेवणं असं मला वाटायचं. पण १९०५ ला शिकागोत सुरू झाली तेव्हाची पद्धतच अशी की क्लबात एकेका धंद्याचा एकेक माणूस. क्लबात गेलो तर भिंतीवर चार प्रश्न: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, सलोखा वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का. ते शिकागोच्या हर्बर्ट टेलर नावाच्या रोटरीवाल्याने १९३२ मध्ये लिहिले, त्याची भांड्यांची कंपनी बुडायला आली होती तेव्हा, आणि त्याने आधी स्वतःच्याच जाहिरातीतले 'सर्वोत्तम' वगैरे शब्द काढले. मी दुसऱ्या दिवशी बोर्डावरचं 'मुंबईत नंबर १' खरवडलं.

क्लबाने पैसे दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत. आयटीआयची पोरं शिकायला पाठवली, त्यातली दोन आज माझ्याकडेच आहेत, आणि एका मेंबरच्या फरसाणच्या दुकानांचे काटे मिळाले.

आणि हो, काटा घेताना रिकाम्या पारड्यावर शून्य बघा, सील आणि स्टॅम्पची तारीख बघा, इलेक्ट्रॉनिकचं पासिंग दर वर्षी, लोखंडी वजनांचं दोन वर्षांनी.

समोरचा गाळा अजून चालू आहे. काकू गेल्या वर्षी वारल्या. आता त्यांची सून काटा घेऊन येते आणि दुरुस्ती झाली की पिशवीतून आधी किलोचं वजन काढते.