दादाच्या मानेतली गाठ

दादाच्या मानेतली गाठ पहिल्यांदा लागली ती न्हाव्याच्या हाताला. सुपारीएवढी, दाबली तरी न दुखणारी. "दुखत नाही ना, मग सोड," आई म्हणाली. पण लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, गाठ बहुधा दुखतच नाही. दाढ सुजली की येणारी गाठ ठणकते आणि ओसरते. ही महिना उलटला तरी वाढतच होती.

मग रात्रीचा घाम. मिरजेत मे महिन्यात कुणाला येत नाही? पण वहिनी ऐन डिसेंबरात उशीची खोळ बदलत होती. संध्याकाळी कणकण, पट्टा दोन भोकं आत. डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं: ३८ अंशांच्या वर ताप, अंथरूण भिजवणारा घाम, ६ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घटलेलं वजन. काहींना पुरळ नसताना अंगभर खाजही सुटते.

गोची अशी की टीबीचीही लक्षणं जवळपास हीच, आणि आपल्याकडे पहिला संशय तिकडेच जातो. डॉक्टरांनी नुसत्या सुईच्या तपासणीवर न थांबता अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली. माझ्या मते हेच योग्य, टाके पडले तरी. रिपोर्ट: हॉजकिन लिम्फोमा. पुढची केमो सोमवारी आहे. दादाला धास्ती मात्र सलाइनच्या सुईची.