बातमीमागची पायपीट कशी वाचायची

पेपर उघडला की नजर मथळ्यावर जाते. तिथून ती एक ओळ खाली, बारीक अक्षरांवर आणावी. तिथे कुणाचं नाव आहे, नुसतं 'प्रतिनिधी' आहे, की 'वृत्तसंस्था'? आणि गाव कोणतं दिलंय? नाव ती बायलाइन, गाव ती डेटलाइन. बातमी मेळघाटातल्या कुपोषणाची आणि डेटलाइन मुंबईची असेल, तर ती बहुधा पत्रकार परिषदेतून किंवा प्रसिद्धिपत्रकातून आलेली असते. त्यात चूक काही नाही. फक्त ती वाचताना आपण मेळघाटात नाही, मंत्रालयात बसलोय एवढं लक्षात ठेवायचं.

मग क्रियापदं बघायची. नमुन्यासाठी रचलेली ही दोन वाक्यं घ्या:

'गारपिटीने तालुक्यात द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाल्याचे समजते.'

'गारपिटीने तालुक्यातील १४ गावांत ६२० हेक्टर द्राक्षबागांचे नुकसान झाल्याचा तालुका कृषी कार्यालयाचा प्राथमिक अंदाज आहे. पंचनामे अद्याप सुरू व्हायचे आहेत.'

पहिलं वाक्य खुर्चीतून न उठता लिहिता येतं. दुसऱ्यासाठी कुणीतरी कार्यालय गाठलं, आकडा मागितला आणि वर 'हा अंदाज की पंचनामा?' असंही विचारलं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण अंदाजातला आकडा आणि पंचनाम्यातला आकडा क्वचितच जुळतात, आणि शेतकऱ्याला मदत मिळते ती पंचनाम्यावर. त्याच्याही पुढचा वार्ताहर विचारेल की यातलं ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान किती हेक्टरवर? आपत्तीच्या मदतीचा उंबरठा तिथे आहे, त्याच्या खाली गेलेली बाग कागदावर शाबूत धरली जाते. असा प्रश्न एखाद्या चार परिच्छेदांच्या बातमीत दिसला, तर तो वार्ताहर लक्षात ठेवण्याजोगा. 'समजते', 'बोलले जाते', 'चर्चा आहे' या तिघांची मात्र पेन्सिलीने मोजदाद करावी. राजकीय पानावर ती रोज मोठी भरते.

दोन दैनिकं शेजारीशेजारी ठेवून वाचणं ही सवय तर फारच कमी लोकांना असते, आणि तिच्यातून काय निघू शकतं याचा एक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळातली मराठी दैनिकं समोर मांडून वाचली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर निघाला, शब्दाला शब्द लावून. 'जाहिरात' असा उल्लेख कुठेही नव्हता. स्पर्धक दैनिकांच्या दोन बातमीदारांना एकच वाक्य एकाच वळणाने सुचत नाही. पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवाल झाला तो २०१०मध्ये, अशाच लेखनाच्या पाठोपाठ. हा पुरावा दोन-चार रुपयांच्या पेपरांत सगळ्यांच्या घरी येऊन पडला होता. तेव्हा निवडणुकीच्या महिन्यात तरी दोन दैनिकं घ्या. एरवीही पानाचे कोपरे बघा, कारण विकत घेतलेल्या मजकुरावर खूण असलीच तर ती तिथे असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. अक्षरवळण नेहमीच्या पानापेक्षा जरा निराळं असेल, तरीही थांबून बघावं.

रोजच्या बातमीपेक्षा रिपोर्ताज, म्हणजे जागेवर जाऊन लिहिलेला सविस्तर वृत्तांत, वाचायची रीत वेगळी. तीन हजार शब्दांना वीस मिनिटं लागतात. ती एका बैठकीत द्यावीत, कारण तुकड्यांत वाचलं की माणसांची नावं निसटतात आणि हाती नुसती हळहळ उरते. समासात तीनच खुणा करा: लेखकाने डोळ्यांनी पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं आणि कागदावरून घेतलेलं. चांगल्या रिपोर्ताजात तिन्ही असतात. नुसतंच पाहिलेलं असेल तर ते प्रवासवर्णन होतं. नुसतं सांगितलेलं असलं की गाऱ्हाणं, आणि नुसता कागद म्हणजे अहवाल. साईनाथांनीच १९९३पासून देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांतून ८४ वार्तापत्रं लिहिली. त्यासाठी सुमारे एक लाख किलोमीटरचा प्रवास केला, त्यातला पाच हजारांच्या आसपास पायी. पण त्या लेखनाची ताकद नुसत्या पायपिटीत नाही. योजनेचा कागद हातात घेऊन त्या कागदावरच्या माणसाच्या दारात जाण्यात आहे.

असं मराठीत कुठे मिळतं? 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, २०१४पासून चालू आहे, वाचायला फुकट आहे आणि तिथे मराठी अनुवाद भरपूर आहेत. साने गुरुजींनी १९४८मध्ये सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक अजून निघतं. दिवाळी अंकांत बरंचसं ललित असलं तरी अनुक्रमणिकेत 'रिपोर्ताज', 'शोधलेख' किंवा नुसतं एखाद्या तालुक्याचं नाव दिसलं, तर तो अंक आधी उचलावा. सगळे अंक विकत घेऊ नका. दिवाळीनंतर गावोगावची वाचनालयं वर्गणी घेऊन ते फिरवतात, आणि जानेवारीत तर उचलायला फारसं कुणी नसतं.

जुनंही वाचावं, पण जयंतीपुरतं नको. ६ जानेवारीला 'दर्पण'च्या नावाने हार घातले जातात. 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, १८३२चं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेला असे, आणि हे हार घालणाऱ्यांतल्या किती जणांनी एक पान तरी पाहिलंय देव जाणे. माझ्या मते सुरुवात करावी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकापासून, ३१ जानेवारी १९२०. शिरोभागी तुकोबांचा अभंग आहे. अग्रलेखात बाबासाहेब हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा देतात: एकेक जात म्हणजे एकेक मजला, पण या मनोऱ्याला शिडीच नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावं त्याने तिथेच मरावं. शंभर वर्षं उलटली तरी ही उपमा टिकून आहे, कारण ती डोळ्यांसमोर बांधता येते. आजचा अग्रलेख वाचताना विचारून पाहा, यातलं काय बांधता येईल? 'आत्मपरीक्षणाची गरज आहे' याची तर वीटही सापडत नाही. बाबासाहेबांची वृत्तपत्रं राज्य शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेत छापलेली आहेत. मोठ्या वाचनालयांत हे खंड असतात, आणि बऱ्याचदा त्यांची पानं कोरी करकरीत असतात.

ऐकायचं म्हणाल तर पॉडकास्टच्या आधी ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'वर ध्वनिफितींसह येत असतात. ही पत्रकारिता कशी, असं कुणी म्हणेल. दुष्काळ, सासुरवास, लेकीला पाठवलेला निरोप, माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या: ज्या माणसांचं म्हणणं पेपरात छापून आलं नाही, त्यांनी स्वतःच दिलेली ही खबर आहे. ऐकताना आधी शब्द वाचू नका. कागदावर ओवी दोन ओळींची असते, गाताना 'बाई', 'गं' आणि परत परत येणाऱ्या तुकड्यांनी ती दुप्पट-तिप्पट लांबते, त्यामुळे डोळे पुढे धावतात आणि कान मागे राहतात. एकदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा मजकूर समोर घ्यायचा. आणि इयरफोन लावा, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर खालचे आवाज उडतात.

पॉडकास्टला एकच सूचना: दीडपट वेगाने ऐकायचा मोह मुलाखतीपुरता ठेवा. रिपोर्ताज ऐकताना माणूस कुठे अडखळला, कुठे गप्प झाला, हाच मजकूर असतो आणि वेग वाढवला की तो आधी कापला जातो. डेटाचं म्हणाल तर १२८ केबीपीएसचा (हा ध्वनीच्या दर्जाचा आकडा) एक तास सुमारे ५८ एमबी खातो, ६४चा निम्मा. बोलण्याला ६४ पुरतो. रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

हे सगळं आपणहून समोर येत नाही. फोन दाखवतो ते ज्यावर लोक थांबले ते, आणि लोक थांबतात भांडणावर. म्हणून आरएसएस फीड, म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी. फीडली किंवा थंडरबर्ड अशा ॲपमध्ये आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की नवीन लेख ओळीने येतात. घोडचूक एकच होते: पहिल्याच दिवशी चाळीस फीड जोडले जातात, आठवड्यात हजार न वाचलेले साचतात आणि ॲप उडवलं जातं. सात-आठ पुरे. दैनिकाचा अख्खा फीड घेऊ नका, फक्त तुमच्या जिल्ह्याचा किंवा एखाद्या लेखकाचा घ्या.

व्हॉट्सॲपवर फिरणारं कात्रण हे वाचनात धरू नका. तारीख, पान क्रमांक आणि डेटलाइन या तिन्हींपैकी काहीच नसेल, किंवा मथळ्याचा टाइप त्या दैनिकाचा नसेल, तर ते घरबसल्या बनवलेलं असण्याची शक्यता दाट. त्या दैनिकाचा त्या तारखेचा ई-पेपर उघडून शोधा. पाच मिनिटांचं काम.

आणि एखादी बातमी आवडली तर संपादकांना कळवा. पत्र दीडशे शब्दांच्या आत, तारीख, पान आणि मथळा पहिल्या ओळीत. वार्ताहराचं नाव न चुकता लिहा, कारण नाव नसलेली स्तुती दैनिकाच्या खात्यावर जमा होते. 'लेख छान होता' याचा उपयोग नाही. 'पंचनामा आणि अंदाज यातला फरक तुमच्या बातमीने स्पष्ट केला' असं लिहिलंत, तर पुढच्या गारपिटीत तो प्रश्न पुन्हा विचारला जाण्याची शक्यता वाढते. तालुक्याच्या वार्ताहराला अशी पत्रं वर्षाकाठी किती येत असतील, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. पंचनाम्याची गरज नाही.