पट्टी उतरली

अंबाजोगाईत स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करताना तिशीतच गर्भपिशवी काढलेल्या बायका नेहमीच समोर येतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बाहेरचे लोक हादरले. आम्हाला नवल वाटलं नाही.

त्या दिवशी आलेली बाई चाळिशीची, पण आवाज बाप्याचा. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, गाठ नाही म्हणून इकडं पाठवलेलं. ती भजनी मंडळात गायची. "पेटीवाला माझ्यासाठी काळी चारची पट्टी धरायचा, आता काळी एकवर आलाय," ती म्हणाली. हनुवटीवर राठ केस, कपाळभर मुरमं.

"कसलं इंजेक्शन चालू आहे का?"

सुनेला बाहेर बसवल्यावर ती बोलली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेलेली. तेव्हापासून अंगाची आग, झोप नाही, "आन् मालकाजवळ जावंच वाटंना." त्यावर कुणीतरी दर महिन्याला 'ताकदीचं' टोचत होतं. बटव्यातून तिनं रिकामी काचेची कुपी काढली. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २५० मिलिग्रॅम. गड्याचा डोस!

चीड याची आली, की तक्रार खरी होती आणि औषधाचं नावही अगदीच भलतं नव्हतं. टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंडाशयातही तयार होतं. दोन्ही काढली की रक्तातलं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. पाळी गेल्यावर कामेच्छा मरते आणि त्याचा बाईला त्रास होतो, एवढ्या एकाच कारणासाठी ते द्यावं, असं जगभरातल्या तज्ज्ञ संघटनांनी त्याच २०१९ मध्ये एकमतानं सांगितलं. थकवा, वजन यांसाठी नाही. तेही कातडीवर लावायचं, पुरुषाच्या साधारण दहाव्या हिश्शानं, मधूनमधून रक्त तपासत. सहा महिन्यांत गुण आला नाही तर बंद. इंजेक्शन तर नकोच.

तिचा रिपोर्ट पुरुषाच्या आकड्यात आला. इंजेक्शन थांबवलं. मुरमं जातील म्हणाले. आवाजाची मात्र खोटी आशा दिली नाही, कारण स्वरतंतू एकदा जाड झाले की बहुधा परतत नाहीत. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली.

पिशवी नव्हती, त्यामुळं तिच्या अस्तराला जपणारं प्रोजेस्टेरॉन लागलं नाही, नुसतं इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन पुरलं. आग शमली, झोप लागायला लागली. पुढे रक्तातला आकडा उतरल्यावर मीच टेस्टोस्टेरॉनच्या मोजक्या जेलचा विषय काढला, तर तिनं हात जोडले.

"नगं मॅडम. गौळण गेली, आता अभंग तरी ऱ्हाऊ द्या."